विचारा की! : बटा कुणाच्या हाती द्यायच्या?



या आठवड्यात आलेल्या पत्रांपैकी एक पत्र चक्क घरातल्या भांडणातून जन्मलेलं आहे. नववीतली एक मैत्रीण लिहिते :

"ताई, माझा दादा कॉलेजात आहे. त्याला ड्रेडलॉक्स करून घ्यायचेत. एका सलूनमध्ये तो चौकशीही करून आला. आजी म्हणते, घरात जट नको. बाबा म्हणतात, केस गेले तर परत येणार नाहीत. दादा म्हणतो, ती माणसं प्रोफेशनल आहेत, त्यांना सगळं कळतं. आणि दादाचा मित्र म्हणतो, खरे ड्रेडलॉक्स आपोआप होतात, सलूनवाले उलट त्यांची वाट लावतात. चार दिवस झाले, घरात कुणी कुणाशी धड बोलत नाही. ताई, खरं कुणाचं?"

वा! चार माणसं, चार मतं. आणि गंमत अशी, की चौघांच्याही बोलण्यात थोडं थोडं खरं आहे. तेव्हा आज हा गुंता सोडवू या. पण घाई नको हं. केस विंचरताना आई काय सांगते? टोकाकडून सुरुवात करायची, मुळाकडे हळूहळू जायचं. आपणही तसंच करू.

गुंता होतो तरी कसा?

आधी एक छोटासा प्रयोग. स्वतःचा एक गळलेला लांब केस घ्या. मुळाचं टोक एका हातात धरा आणि दुसऱ्या हाताच्या चिमटीतून मुळाकडून टोकाकडे बोटं फिरवा. केस गुळगुळीत लागेल. आता उलट, टोकाकडून मुळाकडे फिरवा. किंचित खरखर जाणवते ना? केसावर अगदी बारीक खवले असतात. कौलारू घरावर कौलं एकावर एक चढवलेली असतात, तसे. त्यांची तोंडं टोकाच्या दिशेनं असतात. म्हणून एका बाजूनं हात सरकतो, दुसऱ्या बाजूनं अडतो.

शेजारशेजारचे केस एकमेकांवर घासले, की हे खवले एकमेकांत अडकतात. लोकरीचा स्वेटर चुकून गरम पाण्यात घालून चोळला, तर तो आकसून जाड होतो, तो याच कारणानं. काश्मीरचा नमदाही असाच बनतो. लोकर विणायची नाही. ओली करायची, साबण लावायचा आणि दाबून घोळवायची. धागे आपापसांत अडकून पक्कं कापड तयार होतं.

आता दुसरी गोष्ट. आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात आणि त्यांतले रोज पन्नास ते शंभर गळतात. कंगव्यात येतं ते गुंतवळ म्हणजे हेच. पण कंगवा लावलाच नाही तर? गळलेले केस आतच राहतात आणि जिवंत केसांना धरून बसतात. महिन्यामागून महिने गेले, की त्याची दोरी होते. हाच ड्रेडलॉक.

ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतले आहेत, अशा बहुतेक लोकांचे केस स्प्रिंगसारखे वळलेले असतात. तो केस कापून त्याचं तोंड पाहिलं, तर ते गोल नसून चपटं, लंबगोल दिसतं. असा केस शेजारच्या केसाला आपणच वेढे घालतो. त्यामुळे त्यांच्या बटा खरोखरच आपोआप होतात. आपल्याकडच्या सरळ केसांनाही गुंता होतो, साधूंच्या जटा आपण पाहतोच. पण त्याला फार वेळ लागतो, आणि होतो तो वेडावाकडा, कुठं जाड, कुठं चपटा.

म्हणजे दादाच्या मित्राचं पहिलं वाक्य बरोबर. बटा व्हायला कारागीर लागत नाही. मग तो आला कुठून?

जमैकाची गोष्ट

त्यासाठी आपल्याला कॅरिबियन समुद्रातल्या जमैका बेटावर जावं लागेल. २ नोव्हेंबर १९३० या दिवशी दूर इथिओपियात हैले सेलासी यांचा सम्राट म्हणून राज्याभिषेक झाला. त्याआधी त्यांना रास ताफारी म्हणत. जमैकात गुलामांच्या वंशजांपैकी काही गरीब माणसांना या घटनेत देवाचा संकेत दिसला आणि 'रास्ताफारी' पंथ उभा राहिला. बायबलमध्ये देवाला वाहून घेतलेल्या माणसाच्या व्रताचं वर्णन आहे. त्याच्या डोक्याला वस्तरा लागू द्यायचा नाही. त्याला अनुसरून अनेक रास्तांनी केस कापणं आणि विंचरणं सोडलं. 'ड्रेड' म्हणजे धाक, देवाबद्दलचा आदरयुक्त धाक. १८४५ पासून हिंदुस्थानातले मजूरही जमैकात नेले गेले होते. त्यांच्याबरोबर साधूंच्या जटांची ओळख तिथं पोचली असावी, असं काही अभ्यासकांना वाटतं.

या केसांपायी रास्तांनी फार सोसलं. १९६३ च्या एप्रिलमध्ये कोरल गार्डन्स या ठिकाणच्या हिंसक घटनेनंतर पोलिसांनी रास्तांची धरपकड केली. अनेकांना मारहाण झाली, कित्येकांच्या बटा जबरदस्तीनं कापल्या गेल्या. चौपन्न वर्षांनी, २०१७ साली, जमैकाचे पंतप्रधान अँड्र्यू होलनेस यांनी सरकारतर्फे त्याबद्दल माफी मागितली.

पुढं बॉब मार्लीची गाणी जगभर गेली आणि त्याच्याबरोबर त्याच्या बटाही. तुमच्या बाबांना १९८८ चा युरो चषक जिंकणारा हॉलंडचा कर्णधार रूड गुलिट आठवत असेल. तुम्हाला हेल्मेटखालून बटा लोंबणारा ख्रिस गेल ठाऊक असेल. बटा देवळातून मैदानात आल्या, मैदानातून बाजारात आल्या. आणि बाजारात आल्यावर प्रश्न आला नीटनेटकेपणाचा.

'असे केस घेऊन शाळेत येऊ नका, कामावर येऊ नका,' असं अनेकांना ऐकावं लागलं. २०१८ साली जमैकातल्याच एका शाळेनं पाच वर्षांच्या मुलीला सांगितलं, बटा कापल्याशिवाय प्रवेश नाही, स्वच्छतेचा प्रश्न येतो. आईवडील कोर्टात गेले. २०२० मध्ये निकाल त्यांच्या विरुद्ध लागला, पण २०२४ मध्ये वरच्या कोर्टानं त्या मुलीच्या हक्कांवर गदा आल्याचं मान्य केलं. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यानं २०१९ मध्ये कायदा करून शाळेत आणि नोकरीत अशा केसांवरून भेदभाव करायला बंदी घातली.

आता समजलं ना, कारागीर का हवासा वाटला? आपल्या केसांना कुणी 'घाण' म्हणू नये, म्हणून लोक ते आखीव-रेखीव ठेवू लागले. ते काम करणाऱ्याला तिकडं 'लॉक्टिशियन' म्हणतात. जुन्या वळणाचे रास्ता मात्र आजही म्हणतात, देवानं वाढवलेल्या केसांना दुकानाची गरज काय?

कारागीर काय करतो?

चांगला कारागीर आधी डोकं नीट पाहतो. मग केसांचे सारखे चौकोनी भाग पाडतो. आजी देवासाठी वाती वळते ना, तशी एकेक बट दोन तळव्यांत धरून वळतो. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटिमीटर वाढतात. तो मुळाशी वाढलेला मोकळा भागही अधूनमधून वळून देतो. शेजारच्या दोन बटा मुळाशी एकमेकींत शिरू लागल्या तर त्या वेळीच वेगळ्या करतो. एखादी बट बारीक होऊन तुटायला आली, तर तिला शेजारणीची जोड देतो. बटा धुवायच्या कशा, वाळवायच्या कशा, हे शिकवतो.

हो, बटा धुवायच्या असतात! न धुतल्यानंच त्या बनतात, हा मोठा गैरसमज आहे. उलट तेलकट केस निसटतात, स्वच्छ केस लवकर धरतात. फक्त धुतल्यावर त्या आतपर्यंत वाळल्या पाहिजेत. जाड सतरंजी ओली गुंडाळून ठेवली तर काय होईल? तसाच कुबट वास बटांनाही येतो.

इथपर्यंत कारागीर बटांचा मित्रच आहे.

आणि बिघडतं कुठं?

बिघडतं ते 'आणखी घट्ट, आणखी सुबक' म्हणताना. मुळाशी वळलेली बट दोन-तीन आठवड्यांत जरा विस्कटलेली दिसू लागते. तसं होणारच, कारण केस वाढत असतो. पण गिऱ्हाईकाला ती कायम नव्यासारखी हवी असते आणि दुकानदारालाही गिऱ्हाईक परत आलेलं हवं असतं. मग दर आठ-पंधरा दिवसांनी तीच मुळं पुन्हा पिळली जातात. काही जण बटेचं टोक सुईनं तिच्याच मुळातून ओढून घेतात, टाका घालावा तसं. ते पुन्हा पुन्हा त्याच जागी केलं, की मुळाशी भोक पडतं आणि बट तिथंच झिजते. काही जण मेण चोपडतात. मेण पाण्यानं निघत नाही, त्यावर धूळ बसते आणि ती बटेच्या आत कैद होते.

सगळ्यात वाईट म्हणजे ताण. केसाचं मूळ कातडीत जिथं बसलेलं असतं, तिथं सतत ओढ बसली तर ते मूळ आजारी पडतं. सुरुवातीला दुखतं, खाजतं, बारीक पुटकुळ्या येतात. कातडी केसाभोवती तंबूसारखी उचललेली दिसते. मग कपाळाच्या कडेचे आणि कानशिलांजवळचे केस विरळ होतात. वेळीच ओढ थांबवली तर ते परत येतात. वर्षानुवर्षं चालू राहिली तर मूळ कायमचं मरतं, त्या जागी व्रण होतो. मग कितीही तेल लावा, काही उगवत नाही. म्हणजे बाबांचं म्हणणंही खरं!

हा त्रास फक्त बटांचाच आहे, असं मात्र समजू नका. त्याचं एक जुनं वर्णन १९०७ सालचं आहे, आणि ते आहे ग्रीनलंडच्या बायकांचं. त्या केस डोक्यावर ओढून घट्ट बांधत.

इतक्या लांब कशाला, तुमच्या ताईचंच ऐका ना. मी शाळेच्या वसतिगृहात होते. रोज सकाळी दोन वेण्या, लाल रिबिनी वर दुमडून. आमच्या बाई वेणी ओढून बघत. "वेणी सैल, तर अभ्यास सैल!" असं त्यांचं ब्रीदवाक्य होतं. प्रार्थनेच्या वेळेपर्यंत कानाच्या वर ठणकत असे. रात्री वेणी सोडली की हायसं वाटे, पण केस मुळाशी दुखत. मी कधी बोलले नाही. वाटायचं, सगळ्यांनाच दुखत असेल, नीटनेटकं राहायचं म्हणजे दुखणारच. पाच वर्षं हे चाललं. आजही माझ्या दोन्ही कानशिलांवर बोटभर जागा जवळजवळ मोकळी आहे. पुढं डॉक्टरांनी कारण सांगितलं, तेव्हा उशीर झाला होता. बाई वाईट नव्हत्या. त्यांना माझा नीटनेटकेपणा दिसत होता, दुखणं दिसत नव्हतं. आणि मी ते सांगितलं नव्हतं.

प्रोफेशनल म्हणजे कोण?

आता दादाचं वाक्य घेऊ : 'ती माणसं प्रोफेशनल आहेत.' भिंतीवर प्रमाणपत्र आहे, एवढ्यानं भागतं का?

अमेरिकेतली एक खरी गोष्ट सांगते. जोअॅन कॉर्नवेल या सॅन दिएगोच्या विद्यापीठातल्या प्राध्यापक. त्यांनी १९९३ साली अगदी बारीक बटांची 'सिस्टरलॉक्स' नावाची पद्धत तयार केली. रसायनं नाहीत, कापाकापी नाही. पण कॅलिफोर्नियाच्या नियमाप्रमाणे हे काम करायला सौंदर्यप्रसाधनाचा परवाना हवा होता, आणि त्यासाठी १६०० तासांचं शिक्षण. त्या शिक्षणात केस रंगवणं, रसायनांनी सरळ करणं, नखं रंगवणं असं बरंच काही होतं. नैसर्गिक कुरळ्या केसांच्या वेण्या आणि बटा यांबद्दल मात्र फारच थोडं. कॉर्नवेलबाई कोर्टात गेल्या आणि १९९९ मध्ये जिंकल्या. असं शिक्षण या कामासाठी सक्तीचं करणं गैरवाजवी आहे, असं कोर्टानं म्हटलं.

म्हणजे १६०० तास शिकलेल्या माणसाला बटा येतीलच असं नाही, आणि परवाना नसलेल्या बाईंना त्या उत्तम येत असतील. प्रमाणपत्र जरूर बघावं, पण त्याच्यापुढे जाऊन विचारावंही.

आपल्याकडे तर आणखी एक अडचण. आपल्यातल्या बहुतेकांचे केस सरळ. ते आपोआप लवकर धरत नाहीत, म्हणून उलटा कंगवा फिरवून आणि क्रोशाच्या बारीक सुईनं टोचून टोचून त्यांची बट बनवतात. त्यात बरेच केस मधेच तुटतात. आणि एकदा पक्की झालेली बट नको झाली, तर बहुतेकदा उपाय एकच : कात्री.

आजीची जट

आता आजी. दादा हसला असेल, पण आजीच्या मनात काय आहे ते समजून घ्या. आपल्या महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कित्येक बायकांच्या केसांत न विंचरल्यानं, मळानं, एखाद्या आजारपणानंतर गुंता झाला, की 'देवी अंगात आली, यल्लम्माची जट आली' असं म्हणत. ती कापली तर कोप होईल, ही भीती. कित्येक मुलींना त्यापायी देवीला सोडलं गेलं. माझ्या लहानपणी आमच्या गल्लीत भाजी विकायला येणाऱ्या मावशींच्या डोक्यावर अशी जट होती. मानेला रग लागायची, उताणं झोपता यायचं नाही. "काढून टाका ना," मी म्हटलं, तर त्यांनी घाबरून माझ्या तोंडावर हात ठेवला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा अनेक बायकांच्या घरी जाऊन, त्यांची समजूत घालून, भीती घालवून जट काढली आहे.

मग बघा हं. जमैकात ज्यांना बटा हव्या होत्या त्यांच्या त्या जबरदस्तीनं कापल्या गेल्या. इथं जिला जट नको होती तिला ती भीतीनं बाळगावी लागली. गुंता तोच, खवले तेच. पण दोन्हीकडे डोकं ज्याचं, त्याला कुणी विचारलंच नाही.

तर खरं कुणाचं?

आपल्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. कारागीर मदत करतो का नुकसान? तो केसांच्या वाढीच्या मागून चालला तर मदत, पुढं पळून केसांना ओढू लागला तर नुकसान. सुरुवातीला भाग पाडायला, मधेच बट तुटली तर दुरुस्तीला आणि निगा शिकायला चांगला हात जरूर उपयोगी पडतो. रोजच्यासाठी त्याची गरज नाही. बटेला थोडं विस्कटलेलं राहू द्यावं, ते तिच्या तब्येतीला चांगलं असतं.

दादानं सलूनमध्ये जाऊन हे प्रश्न विचारावेत :

१. माझ्यासारख्या सरळ केसांच्या बटा तुम्ही केल्या आहेत का? वर्षभरानंतर त्या कशा आहेत, ते दाखवाल?

२. कोणती पद्धत वापरता? हातानं वळता की सुईनं?

३. मेण लावता का? ('हो' म्हणाले तर नमस्कार करून बाहेर पडावं.)

४. मुळं पुन्हा कधी वळायची? (दीड-दोन महिन्यांनी म्हणाले तर ठीक. दर आठवड्याला या म्हणाले तर विचार करावा.)

५. दुखलं तर काय? ('थोडं दुखतंच, सवय होईल' हे उत्तर चुकीचं. 'लगेच सांगा, सैल करतो' हे बरोबर.)

६. नको झाल्या तर कशा काढायच्या?

आणि दादा, एक मधला मार्गही आहे. आधी महिनाभर दोन-दोन पेडांचे सैल पीळ घालून बघ. ते सोडता येतात. आरशात रोज तेच डोकं बघायला आवडतंय का, धुवायला-वाळवायला वेळ मिळतोय का, हे कळेल. घरातल्यांनाही सवय होईल.

आईबाबांना दोन शब्द. मुलाच्या डोक्यावर काय आहे यापेक्षा त्याच्या डोक्याला काही दुखतंय का, हे आधी विचारा. बट असो, वेणी असो की घट्ट पोनीटेल असो. आणि तुम्ही मुलांनो, दुखलं तर सांगा. लगेच सांगा. छान दिसण्यासाठी सोसावंच लागतं, असं कुणी म्हटलं तर माझी कानशिलं आठवा.

मैत्रिणी, हा लेख आज जेवताना सगळ्यांसमोर मोठ्यानं वाच. आजीला जटेची गोष्ट विचार, तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त माहिती असेल. अबोला सुटला की नाही, ते मला जरूर कळव.

बाकीच्यांनो, केसाचा प्रयोग करून पाहिलात का? कुरळा केस आणि सरळ केस यांत काय फरक जाणवला, ते लिहून पाठवा.

तुमची,
ताई